नाव, धंदा, गाव : कोरलेल्या व्यापारी कार्डांची ओळख

जाहिरातीचा इतिहास आपल्याकडे बहुधा वर्तमानपत्रापासून सांगितला जातो. १८३२ साली ‘दर्पण’ निघाले, पुढे मासिके आली, भिंतींवर पत्रके लागली, मग चित्रपटगृहांतल्या स्लाइड्स, रेडिओ आणि दूरदर्शन. या क्रमात एक जुना आणि देखणा कागद सुटून जातो. दुकानदाराने किंवा कारागिराने पदरचे पैसे घालून करवून घेतलेला, कधी तळहाताएवढा तर कधी वहीच्या पानाएवढा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला हा कागद. लंडनमध्ये तो सतराव्या शतकापासून रुळला आणि ‘ट्रेड कार्ड’ या नावाने ओळखला गेला. त्यावर तीन गोष्टी हमखास असत : माणसाचे नाव, त्याचा धंदा आणि त्याचा ठावठिकाणा. वेलबुट्ट्या, देवदूत, चहाच्या पेट्या, कात्र्या, घड्याळे असे बाकीचे सगळे या तीन गोष्टींभोवती मांडलेले असे.

हा विषय मराठी वाचकापुढे ठेवताना पहिला प्रश्न येतो तो असा, की लंडनच्या घड्याळजींच्या आणि शिंप्यांच्या कार्डांशी छत्रपती संभाजीनगरचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. नाव, धंदा आणि गाव टिकाऊ वस्तूवर कोरून लोकांसमोर ठेवण्याची रीत या जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वी होती. धातूवर अक्षर कोरणारे हात महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि छपाई आली तेव्हा तिचे पहिले धडे त्याच हातांनी गिरवले. तेव्हा व्यापारी कार्ड ही परक्यांची गंमत म्हणून पाहण्याचे कारण नाही. ते कारागिराने आणि व्यापाऱ्याने चारचौघांत दिलेल्या शब्दाचे एक रूप आहे. नाव आणि पत्ता छापणारा माणूस गिऱ्हाइकाला सांगत असतो, की माल खोटा निघाला तर मला शोधत इथे या. जाहिरात म्हणून, कला म्हणून आणि कारागिरी म्हणून या कागदाचे जे मोल आहे, त्याच्या मुळाशी ही जबाबदारी आहे. पुढचा सगळा मजकूर याच दृष्टीने वाचावा, अशी विनंती आहे.

१

व्यापाराची छापील खूण सर्वांत आधी चीनमध्ये दिसते. सोंग राजवटीच्या काळातला एक धातूचा ठसा आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जिनान शहरातल्या लिऊ घराण्याच्या सुयांच्या दुकानाचा तो ठसा. मधोमध मुसळ घेतलेला पांढरा ससा, भोवती मजकूर : दारापुढचा पांढरा ससा ओळखून या, आम्ही उत्तम पोलादी कांबी घेऊन बारीक सुया करतो, घाऊक घेणाऱ्याला सवलत आहे. खूण, मालाची प्रत, भाव आणि ठिकाण हे सगळे वीतभरही नसलेल्या जागेत बसवलेले आहे. आजच्या जाहिरातीत त्याहून वेगळे काय असते?

लंडनच्या कार्डांची गरज शहराच्या रचनेतून आली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या बहुतेक घरांना क्रमांक नव्हते. दुकानावर लाकडी पाटी टांगलेली असे आणि तिच्यावर सोनेरी मेंढा, तीन मुकुट, सूर्य असे चित्र असे. पत्ता सांगायचा तो त्या चित्राने. म्हणून कार्डावर वरच्या बाजूला पाटीचे चित्र कोरले जाई आणि खाली अमुक चर्चजवळ, तमुक गल्लीच्या तोंडाशी असे लिहिलेले असे. १७६० च्या दशकात रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्या काढायला लावल्या गेल्या, घरांना क्रमांक आले, तरी कार्डावरची चित्रे राहिली. गिऱ्हाईक त्या चित्राला ओळखत होते.

ही कार्डे करणारे लोक मुळात चांदीवर नक्षी आणि नावे कोरणारे होते. विल्यम होगार्थ हा पुढे नामांकित झालेला चित्रकार एलिस गॅम्बल या चांदीवर कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. १७२० मध्ये त्याने स्वतःचा धंदा मांडला, तेव्हा पहिल्यांदा स्वतःचेच कार्ड कोरले. पुढे त्याने आपल्या बहिणींच्या कपड्यांच्या दुकानाचेही कार्ड केले. त्या काळी मोठी कला आणि बाजाराचे काम यांच्यात आज वाटते तेवढी भिंत नव्हती, हे अशा कागदांवरून दिसते.

कार्डाची मागची बाजूही तितकीच बोलकी असते. अनेक दुकानदार तिच्यावर हिशेब लिहून देत. त्यामुळे एका बाजूला दुकानाचे स्वप्न आणि दुसऱ्या बाजूला दुकानाचा खरा व्यवहार असे दोन्ही एकाच कागदावर सापडतात. हिशेबाचा कागद म्हणून घरोघर जपून ठेवल्यानेच त्यातली कित्येक कार्डे वाचली.

२

तांब्यावरची छपाई कशी होते ते समजल्याशिवाय या कार्डांचे सौंदर्य पुरते कळत नाही. तांब्याचा पत्रा ठोकून सपाट करायचा आणि आरशासारखा घासायचा. त्यावर चित्र आणि अक्षरे उलटी उतरवायची, कारण छापल्यावर ती सुलटी व्हायची असतात. मग पोलादी कोरणी तळहाताशी टेकवून पुढे ढकलायची. नांगराचा फाळ जमिनीत सरी काढतो तशी ती तांब्यात सरी काढत जाते. हात दाबला की रेघ खोल आणि जाड, सैल सोडला की उथळ आणि बारीक. वळणाच्या अक्षरासाठी कोरणी फिरवत नाहीत, उशीवर ठेवलेला पत्राच फिरवतात. सर्व कोरून झाल्यावर पत्र्यावर शाई चोपडायची आणि पृष्ठभाग पुसून काढायचा. शाई फक्त सऱ्यांमध्ये उरते. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून मोठ्या दाबाने पत्रा काढला, की कागद सऱ्यांत शिरून शाई उचलतो. म्हणून अशा छापाची रेघ बोटाला किंचित उंच लागते आणि कागदावर पत्र्याच्या कडेची चौकट दबलेली दिसते. अस्सल तांब्याचा छाप ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

लपेटदार अक्षरांची जी वळणे आज लग्नपत्रिकांवर दिसतात, त्यांचे मूळ या कोरणीच्या चालीत आहे. दाब कमी-जास्त करत एका ओघात गेलेली रेघ लाकडी ठशात साधत नाही, शिशाच्या खिळ्यातही साधत नाही. तिला तांबे लागते आणि वर्षांचा हात लागतो. तांबे मऊ असल्याने काही हजार छापांनंतर बारीक रेघा झिजू लागतात. मग तोच कारागीर पुन्हा बसून त्या खोल करतो. एकेका कार्डामागे एवढे कष्ट होते.

३

आता आपल्या मुलखाकडे वळू. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याची लेणी अजिंठा-वेरुळएवढी गजबजलेली नाहीत. पण नाव, धंदा आणि गाव या तीन गोष्टी एकत्र पाहायच्या असतील तर तिथे जायला हवे. इसवी सनापूर्वीच्या शतकांतल्या या लेण्यांत खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. एका खांबाचे दान पैठणच्या मितदेवाचे आहे आणि तो गांधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांच्या घरचा, असे लेख सांगतो. मगिल नावाच्या राजवैद्याचे लेखही इथे आहेत. मितदेवाच्या लेखात एका ओळीत नाव आले, धंदा आला, गाव आले. दानाचे पुण्य त्याला हवे होतेच. पण येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, भिक्षूंच्या आणि यात्रेकरूंच्या नजरेसमोर आपण पैठणचे गंधी आहोत हे कायमचे लिहून ठेवण्यातला अभिमानही त्या ओळीत आहे.

याच लेण्यांच्या उत्खननात एक यक्षमूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरलेल्या लेखानुसार ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. सोनाराने दगडात घडवलेली मूर्ती, आणि तीवर त्याचे स्वतःचे नाव धंद्यासकट. दात्यांची नावे प्राचीन लेखांत पुष्कळ सापडतात, करणाऱ्या हाताचे नाव विरळा सापडते. या जिल्ह्यात ते सापडले, ही आपल्या कारागिरीच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे असे मला वाटते.

पैठण तेव्हा मोठी पेठ होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी नोंद आहे. पैठणहून गाड्या भरून अकीक जातीचे दगड बंदराकडे जात. एवढ्या लांबच्या व्यापारात माल हातोहात फिरतो आणि करणारा मागे राहतो. तेव्हा खूण लागते, शिक्का लागतो, पत लागते. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदात या दात्याच्या लेखात विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, दोन हजार कार्षापण नाणी व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. धंद्याची पत दगडावर कोरून जाहीर करण्याची ही रीत साऱ्या प्रदेशात होती.

दगडाबरोबर तांबेही होते. पैठणला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या गोविंदाचा ताम्रपट इ. स. ७९४ चा आहे. यादव राजा रामचंद्राचा पैठण ताम्रपट शके ११९३ चा आहे. दान दिलेल्या जमिनीचा हक्क पुराने, आगीने, वाळवीने नष्ट होऊ नये म्हणून तो तांब्यावर कोरत. पत्रे कडीत ओवत आणि कडीवर राजमुद्रा बसवत. लेखकाने आखून दिलेली अक्षरे कारागीर छिन्नीने कोरत जाई. फरक एवढाच, की ताम्रपटावरची अक्षरे सुलटी असतात, कारण ती वाचायची असतात, छापायची नसतात. मुद्रेवर मात्र अक्षरे उलटी कोरावी लागतात. म्हणजे उलटे अक्षर कोरण्याची विद्याही आपल्याकडे होती, फक्त ती मोहरा, नाणी आणि शिक्के करणाऱ्यांच्या हातात होती.

४

सुलट्या कोरणीकडून छपाईच्या उलट्या कोरणीकडे मराठी कारागीर कधी आला, याचे उत्तर पेशवाईच्या शेवटच्या पर्वात मिळते. पुण्याच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्याबरोबर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. त्या दोघांच्या सहवासात पुण्यात चित्रशाळा चालली आणि तिथे मराठी मुले पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण शिकली. त्यांतला सर्वांत हुशार विद्यार्थी गंगाराम तांबट. त्याने वेरुळची लेणी पाहून रेखाटली. वेल्स १७९५ मध्ये वारला, पण त्याच्या वेरुळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल याने लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून चोवीस दृश्ये छापली. १८०३ साली निघालेल्या त्या संग्रहाच्या नावात वेरुळच्या डोंगराबरोबर दख्खनमधल्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचेही नाव आहे. या शहराचे नाव तांब्यावर कोरून दूरच्या वाचकापर्यंत गेले ते असे.

त्या संग्रहाच्या काही वर्षे आधी मॅलेट यांच्या सूचनेवरून नाना फडणवीसांनी एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे छपाईसाठी कोरण्याच्या कामाला लावले. भगवद्गीता छापण्याचा विचार होता. १८०० मध्ये नाना गेले आणि काम थांबले. तो तांबट पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला, आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गीता मिरजेत तयार झाली. भांडी घडवणाऱ्या समाजातल्या माणसाने उलटे देवनागरी अक्षर पत्र्यावर कोरून ग्रंथ छापला, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातली आरंभीची आणि मानाची नोंद आहे.

होगार्थची चांदी, मिरजेच्या तांबटाचे तांबे आणि कान्हदासाचे सोने ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. छापील अक्षराचा पाया जगभर धातुकाम करणाऱ्यांनी घातला. गुटेनबर्गही सोनारकाम जाणणारा होता. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी टाइप आपल्या रेखीवपणासाठी नावाजले गेले. त्यांचे पोलादी ठसे राणोजी रावजी आरू यांनी कापले होते. आज आपण जी मराठी अक्षरवळणे सहज सुंदर म्हणून स्वीकारतो, त्यांच्यामागे कोरणाऱ्याचा डोळा आहे.

५

तरीही लंडनसारखी तांब्याच्या कार्डांची परंपरा आपल्याकडे फार पसरली नाही, कारण तांब्याच्या मागोमाग दगड आला. बव्हेरियातल्या सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची युक्ती शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला परतवते आणि तेलकट रेघ तिला धरते. यात कोरण्याचे कष्ट नाहीत, हाताचे वळण जसेच्या तसे उतरते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हापासून मराठी घरात छापील कागद रोजच्या वापराचा झाला. उर्दूसाठी तर शिळाछाप वरदानच ठरला. नस्तालिक लिपीची उतरती, एकमेकांवर चढणारी अक्षरे शिशाच्या खिळ्यांत बसवणे अवघड. कातिबाने, म्हणजे लेखनिकाने, सुंदर हाताने लिहावे आणि तेच दगडावर उतरवावे, ही पद्धत सोयीची पडली. निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, बाजाराची बोली मराठी होती आणि व्यापाऱ्याच्या वहीत मोडी होती. त्या राज्यातल्या औरंगाबादसारख्या शहराला लिपीचे बंधन न घालणारी छपाई हवीच होती.

रंगीत शिळाछापाने व्यापारी कार्डाला नवा अवतार दिला : कापडाच्या थानावर चिकटवलेले चित्र. मँचेस्टरहून येणाऱ्या थानांवर व्यापारी आपापले रंगीत लेबल लावत. कोणी त्याला तिकीट म्हणे, कोणी टिका, कोणी छाप. त्यावर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, घोडा, आगगाडी, पैलवान, काहीही असे, सोनेरी उठावासह. खेड्यातल्या आठवडी बाजारात येणाऱ्या गिऱ्हाइकाला इंग्रजी येत नसे, कित्येकांना कुठलीच अक्षरे येत नसत. ते चित्रावरून माल मागत. एकदा धुऊन-वापरून पारखलेल्या कापडावर जे चित्र होते, तेच चित्र पुढच्या खेपेला हवे. म्हणून व्यापारी त्या चित्राला जिवापाड जपत आणि नकला करणाऱ्यांशी कोर्टात भांडत. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने ब्रिटिश मुलखात खोट्या व्यापारी खुणांवर शिक्षा ठेवली आणि थानावर लांबीचा शिक्का मारणे बंधनकारक केले. त्याच वर्षी औरंगाबादेत सूत कातण्याची आणि कापड विणण्याची गिरणी उभी राहिली. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे आली आणि सरकी काढण्याचे कारखाने वाढले. रेल्वेने बाहेरचे छापील जग या शहराच्या पेठेत आणून सोडले.

मुंबई-पुण्याकडे या चित्रांचे मोठे घर तयार झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. देवादिकांच्या चित्रांबरोबर लेबले आणि कंपन्यांची कॅलेंडरेही तिथे निघाली. दादासाहेब फाळके यांनी सरकारी पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून लोणावळ्यात जो उद्योग काढला, त्याचे नाव फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स असे होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची दृष्टी असणारा माणूस त्याआधी ठसे आणि चित्रछपाई यांत हात काळे करत होता. बाजारासाठी केलेल्या छपाईत मराठी दृश्यकलेची किती मोठी शाळा भरली होती, ते यावरून समजावे.

६

आता शहराच्या आत पाहू. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. या सगळ्या काळात शहराची पेठ धंद्यांच्या गल्ल्यांनी बनलेली राहिली. रंगारगल्ली, कासारी बाजार, सराफा, कुंभारवाडा. इथे गल्लीचे नाव हीच पाटी होती. कासाराकडे जायचे तर कासारी बाजारात जायचे. एका धंद्याची माणसे एका जागी असली, की त्यांतल्या प्रत्येकाला वेगळे ओळखू येण्यासाठी स्वतःचे नाव मिरवावे लागते. लंडनच्या चीपसाइडमध्ये हेच घडले आणि गुलमंडीच्या परिसरातही हेच घडले.

इथल्या मालाची ख्याती मोठी आणि करणाऱ्याचे नाव मात्र मागे, ही या शहराच्या हस्तोद्योगाची जुनी व्यथा आहे. हिमरू म्हणजे सुताच्या ताण्यावर रेशमी बाण्याने उठवलेली नक्षी. पैठणी म्हणजे रेशीम आणि जर यांची हाताने गुंतवून काढलेली वीण. बिदरीकामात जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर कोरणीने नक्षी खोदून तीत चांदी बसवतात आणि मग पृष्ठभाग काळा करतात. शहरातल्या बिदरी कारागिराच्या हातातली कोरणी आणि कार्ड कोरणाऱ्याची कोरणी यांत चालीचा फरक फार थोडा आहे. दोघेही धातूत सरी काढतात, एक तीत चांदी भरतो, दुसरा शाई. यांतल्या कुठल्याच वस्तूवर विणकराचे किंवा कारागिराचे नाव बहुधा नसते. नाव असते ते दुकानाच्या खोक्यावर, पिशवीवर, कार्डावर. त्यामुळे कार्ड हा अनेकदा एकमेव लेखी धागा उरतो. त्या धाग्याने अमुक पद्धतीचा शेला कोणत्या पेठेतून, कोणत्या काळात विकला गेला हे शोधता येते. आज पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, हातमागाच्या आणि रेशमाच्या अधिकृत खुणा आहेत. खऱ्या मालाची हमी लेखी आणि दृश्य रूपात द्यावी लागते, ही गरज तीच आहे.

कागदही इथला होता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधले कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. चिंध्या कुजवून, कुटून, साच्यावर उचलून केलेला हा कागद बोरूने लिहिण्यासाठी खळ देऊन घोटला जाई. तांब्याच्या छपाईला मात्र मऊ, पाणी पिणारा कागद लागतो. लिहिण्याच्या संस्कृतीचा कागद आणि छपाईच्या संस्कृतीचा कागद यांच्यातला हा फरक ध्यानात घेतला, म्हणजे उत्तम कागद असलेल्या मुलखात तांब्याची छपाई आपोआप का रुजली नाही, याचे एक कारण हाती येते.

७

या विषयात शिरणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडेल ते कौशल्य म्हणजे जुन्या व्यापारी कागदाचा काळ ओळखणे. कार्डावर तारीख क्वचित असते, पण शहराने कार्डावर आपल्या खुणा सोडलेल्या असतात. पत्त्यात निजाम राज्य किंवा हैदराबाद दक्खन असेल आणि किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात असेल, तर तो कागद निजामी अमलाच्या किंवा त्याच्या लगतच्या काळातला. मुंबई राज्य लिहिले असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० ही साडेतीन वर्षे, कारण त्या काळातच मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. महाराष्ट्र असेल तर त्यानंतरचा. भाव आण्यांत असतील तर बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचा. शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले असतील तर साठच्या दशकाकडे यावे. ४३१००१ हा पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. वस्तू व सेवा कराचा क्रमांक असेल तर जुलै २०१७ नंतरचा, आणि छत्रपती संभाजीनगर छापले असेल तर अगदी अलीकडचा.

लिप्यांचा क्रमही पाहावा. उर्दू वर, मराठी खाली; मराठी मोठी, इंग्रजी बारीक; एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. दुकानदार कोणत्या गिऱ्हाइकाला आधी हाक मारत होता ते या क्रमातून उलगडते. चित्रात बीबी का मकबरा, पाणचक्की, वेरुळचे कैलास किंवा अजिंठ्याचा पद्मपाणी असेल तर माल पर्यटकासाठी आहे. लक्ष्मी-गणपती असेल तर पेठेतल्या घरगुती गिऱ्हाइकासाठी. छपाई भिंगाखाली धरावी. तांब्याची रेघ उंच लागते, शिळाछाप सपाट आणि खडूसारखा दाणेदार दिसतो, खिळ्यांचा दाब मागून जाणवतो, स्क्रीनची शाई जाड थराने बसते आणि ऑफसेटचे चित्र ठिपक्यांत फुटते. एवढ्या परीक्षेने साधे दिसणारे कार्ड शहराच्या कारभाराचा, भाषांचा आणि हातांचा दस्तऐवज बनते.

८

परदेशात हे कागद टिकले ते काही माणसांनी ते टिकवण्याचा ध्यास घेतला म्हणून. अठराव्या शतकात सारा सोफिया बँक्स यांनी कार्डे जमवली. विसाव्या शतकात अँब्रोस हील यांनी जमवली आणि १९२५ साली लंडनच्या व्यापाऱ्यांच्या कार्डांवर ग्रंथ लिहिला. हील स्वतः फर्निचरचे दुकान चालवणारे व्यापारी होते. दोघांचे संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि लंडनच्या बाजाराचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, शिल्पे आणि नाणी जपणारी इतर संग्रहालयेही आहेत. पण दुकानाची कार्डे, थानाची लेबले, खोक्यांवरची चित्रे, बिलांचे मथळे आणि छापखान्यांचे नमुने यांना अजून इतिहासाची साधने म्हणून पुरेसा मान मिळालेला नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातात.

म्हणून वाचकांना, विशेषतः पेठेतल्या जुन्या दुकानदारांना आणि छापखानदारांना कळकळीने सांगणे आहे. आजोबांच्या काळचे बिलबुक, कार्ड, लेबल, ब्लॉक, दगड, ठसा जे काही माळ्यावर असेल ते बाहेर काढा. त्यावर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, कारण मागच्या बाजूचा हिशेबही तेवढाच मोलाचा आहे. दुकान कुठे होते, माल कुठून येई, कार्ड कोणी छापले, अक्षरे कोणी काढली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकेक गल्ली वाटून द्यावी. खिळे जुळवणारे आणि स्क्रीन छापणारे ज्येष्ठ कारागीर अजून बोलते आहेत, त्यांच्या आठवणी नोंदवण्याची वेळ आजची आहे.

राजांची नावे ताम्रपटांनी राखली आणि संतांची नावे लोकांच्या मुखाने राखली. व्यापाऱ्याचे, विणकराचे, रंगाऱ्याचे, अक्षर कोरणाऱ्याचे नाव राखण्याचे साधन हे छोटे कागद आहेत. या शहराला श्रीमंत करणारे हात कोणाचे होते, हे पुढच्या पिढीला नावानिशी सांगता यावे, यासाठी या विषयाचा अभ्यास व्हावा. तो इथल्याच माणसांनी, इथल्याच कागदांवरून करावा.